८०५ टन काळा माल: एक किलोमीटर रस्ता खरवडल्यावर निघणाऱ्या डांबराचा पुरता हिशेब

शहरातला डांबरी रस्ता नवा करायचा म्हणजे आहे त्यावर आणखी एक थर चढवायचा, ही जुनी रीत. असे तीन-चार थर बसले की रस्ता वर येतो, दुकानांचे उंबरे खाली जातात आणि पावसाचं पाणी गटार सोडून घरात शिरतं. म्हणून आता शहरांत आधी मिलिंग मशिनने वरचा थर खरवडतात आणि मग नवा टाकतात. पातळी राखली जाते, पण दर रात्री दोनेकशे टन काळा माल टिपरमध्ये पडतो. त्याला कुणी ‘मिलिंगचा माल’ म्हणतं, कुणी ‘रॅप’, म्हणजे रीक्लेम्ड अस्फाल्ट पेव्हमेंट. दुर्दैवाने बऱ्याच कामांत त्याला ‘राडारोडा’ म्हणतात, आणि ते नाव पडलं की तो नाल्याकाठी किंवा कचरा डेपोवरच जातो.

इथे एकच रस्ता घेऊन त्यातून निघालेला प्रत्येक टन कुठे जाऊ शकतो हे दाखवलं आहे. रस्ता दख्खनच्या पठारावरच्या शहरातला, काळ्या मातीवर बांधलेला. लांबी १ किलोमीटर, रुंदी ७ मीटर. वरचे ५० मिमी खरवडायचे आणि तेवढ्याच जाडीचा बीसी, म्हणजे बिटुमिनस काँक्रीट ग्रेड १, टाकायचा. हिशेब डोळ्यासमोर राहावा म्हणून मापं गोल धरली आहेत. घनता, प्रमाणं आणि तापमानं मात्र साइटवर आणि प्लांटवर भेटतात तीच आहेत.

आधी वजन

१००० × ७ × ०.०५ म्हणजे ३५० घनमीटर. बसलेल्या जुन्या डांबराची घनता २.३ टन धरली तर ८०५ टन. सोळा टनांच्या खेपा केल्या तर पन्नास टिपर. या मालात साधारण ४.८ टक्के बिटुमेन, म्हणजे खडी धरून ठेवणारं चिकट डांबर, असतं, म्हणजे ३८ टनांहून थोडं जास्त. बिटुमेनचा भाव पंधरवड्याला बदलतो. टनाला ५०,००० रुपये धरले तर फक्त चिकटलेल्या डांबराची किंमत १९ लाखांच्या घरात जाते. उरलेली ७६० टनांहून जास्त खडी आणि ग्रिट आहे, बहुतेक आपला काळा बेसॉल्ट. एकदा खाणीत फुटलेली, क्रशरमधून गेलेली, वर्षानुवर्षं चाकाखाली टिकलेली खडी.

पण सगळा माल एका जातीचा नसतो, आणि इथेच पहिली चूक होते. या रस्त्यावर दोन चौक आहेत. तिथे वाहनं थांबतात, वळतात, म्हणून प्रत्येक चौकात ३० मीटर लांबीत २५ मिमी मॅस्टिक, म्हणजे शिजवून ओतलेलं घट्ट डांबरी मिश्रण, टाकलेलं आहे. दोन्ही चौक मिळून ते २४ टन भरतं. मॅस्टिकमध्ये ८५/२५ दर्जाचं कडक बिटुमेन १४ ते १७ टक्के असतं आणि चुनखडीची भुकटी भरपूर. ते नेहमीच्या रॅपमध्ये मिसळलं की पुढची सगळी तपासणी खोटी ठरते. त्याच रस्त्यात ४०० मीटर लांब, ६० सेंटिमीटर रुंद केबलची चर आहे. ती बुजवताना मुरूम, काँक्रीटचे तुकडे, कुठे पेव्हर ब्लॉक असं हाती लागेल ते टाकलं गेलं. तिथला माल सुमारे २८ टन. शिवाय दोन्ही कडांना मिळून अर्धा मीटर पट्टा असा आहे, जिथे डांबराची जाडी ५० मिमी भरत नाही आणि मशिनचे दात खालच्या डब्ल्यूएमएममध्ये, म्हणजे दाबलेल्या खडीच्या पायात, जातात. तो माल सुमारे ५७ टन. म्हणजे स्वच्छ रॅप ६९६ टन, मिसळ ८५ टन, मॅस्टिक २४ टन. हे तीन आकडे कामाआधी माहीत हवेत. त्यासाठी दर १०० मीटरला आळीपाळीने डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे कोअर, म्हणजे थराचे गोल नमुने, काढायचे, प्रत्येकाची डांबराची जाडी मोजायची, चरीच्या जागा चुन्याने आखायच्या. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

मिलिंगची रात्र

गल्ली-चौकांच्या शहरात एक मीटर ड्रमचं मशीन सोयीचं. सात पट्टे, प्रत्येकी एक किलोमीटर. मिनिटाला आठ मीटर वेग धरला तर निव्वळ खरवडणं पंधरा तासांचं. टिपर बदलणं, मॅनहोलभोवती ब्रेकरने हाताने काढणं, दात बदलणं हे धरलं की चार रात्री. वेग वाढवला की ड्रम थर कापायचा सोडून ढेकळं उपटतो. हातभर लांबीच्या लाद्या टिपरमध्ये माल टाकणाऱ्या पट्ट्यावर दिसायला लागल्या म्हणजे वेग जास्त आहे किंवा दात झिजले आहेत. उलट फारच हळू गेलं, तर खडी चिरडली जाऊन भुकटी वाढते आणि ती पुढे मिश्रणात त्रास देते. पाण्याचा फवारा दात थंड ठेवण्यापुरता आणि धूळ बसवण्यापुरता हवा. जास्त सोडलेलं प्रत्येक लिटर नंतर प्लांटवर डिझेल जाळून उडवावं लागतं.

मशिनच्या पट्ट्याच्या टोकाशी एक माणूस फक्त बघायला उभा करावा. स्वच्छ रॅप दिव्याखाली गर्द काळा-करडा दिसतो. मुठीत धरला तर तळहाताला किंचित तेलकट लागतो, आणि तुटलेल्या खडीची ताजी निळसर तोंडं त्यात चमकतात. मुरूम आला की रंग एकदम तपकिरी होतो, मुठीत दाबल्यावर गोळा बसतो आणि हाताला माती राहते. रंग बदलला की शिट्टी, टिपर पुढे, मिसळ मालाची दुसरी गाडी खाली. एवढ्या एका शिट्टीवर शंभर टनांचं भवितव्य ठरतं, कारण एकदा एकाच ढिगात पडलेली काळी माती रॅपमधून चाळून निघत नाही. ती खडीवर पातळ लेप धरते, त्या लेपावर नवं बिटुमेन चिकटत नाही, आणि पहिल्या पावसात खडी सुटते.

म्हणून क्रम असा ठेवावा: पहिल्या रात्री आधी चौकातलं मॅस्टिक २५ मिमी खोलीवर वेगळं काढायचं, मग चरीचा पट्टा आणि कडा. उरलेल्या तीन रात्री फक्त स्वच्छ माल. खालच्या डब्ल्यूएमएमला दात लागू नयेत म्हणून डांबराचा निदान १० मिमी थर तळाशी राहील अशी खोली लावायची. जिथे तेवढं डांबर उरत नाही तो पट्टा सरळ ‘मिसळ’मध्ये धरायचा.

आता टिपर. वर सांगितलेल्या वेगाने मिनिटाला सुमारे ०.९ टन माल निघतो, म्हणजे सोळा टनांची गाडी सतरा-अठरा मिनिटांत भरते. प्लांट २५ किलोमीटरवर असेल तर जाणं, वजनकाटा, रिकामं करणं आणि परतणं यात दोन तास जातात. मशीन न थांबता चालवायला, भरण्याचा वेळही धरून, किमान आठ टिपर लागतात. प्रत्यक्षात तीन-चार लावले जातात. मग मशीन थांबतं, ऑपरेटर वैतागतो, पहाटे पाचला रस्ता खुला करायचा असतो, आणि तीन किलोमीटरवरचा रिकामा प्लॉट सगळ्यांना जवळचा वाटायला लागतो. माल राडारोड्यात जातो त्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. टिपरची संख्या आखणीत मोजलेलीच नसते.

ढीग आणि पाणी

प्लांटच्या आवारात तीन जागा आखायच्या, तिन्हींना पाट्या. जमीन काँक्रीटची किंवा निदान घट्ट दाबलेली, एका बाजूला उतार दिलेली. नुसत्या मातीवर ढीग केला तर लोडर प्रत्येक उचलीला खालची माती घेतो आणि साइटवर केलेली सगळी निवड वाया जाते.

पसरट, बुटका ढीग दिसायला नीट पण पाणी जास्त धरतो. उंच, शंकूच्या आकाराचा ढीग बरा. उन्हाने वरचा वीत-दीड वीत थर एकमेकांना चिकटून कवच धरतो, ते कवच पाऊस बाजूला वळवतं आणि लोडरच्या बकेटने सहज फुटतं. ढिगावर लोडर चढवू मात्र नये. चाकाखाली रॅप पुन्हा दाबला जातो आणि नंतर खणून काढावा लागतो. ताडपत्री थेट मालावर टाकण्याचा मोह आवरावा, कारण खालून निघालेली वाफ ताडपत्रीला लागून परत मालातच पडते. सगळ्यात चांगलं म्हणजे बाजू उघड्या असलेली पत्र्याची शेड. आपल्याकडे रस्त्यांची कामं ऑक्टोबरपासून मेपर्यंत चालतात. मेमध्ये खरवडलेला माल चार महिन्यांचा पाऊस खाऊन ऑक्टोबरमध्ये वापरायचा असेल, तर शेड ही चैन नाही, इंधनाची बचत आहे.

का, ते आकड्यांत बघू. मिश्रण १५५ अंशांना बाहेर पडायला हवं, रॅप ३० अंशांवर आहे आणि त्याचं प्रमाण २० टक्के आहे. बॅच प्लांटमध्ये, म्हणजे एकेक माप घुसळणाऱ्या प्लांटमध्ये, रॅप थंडच टाकतात आणि तो नव्या खडीच्या उष्णतेवर तापतो. रॅप कोरडा असेल तर नवी खडी सुमारे १८६ अंशांपर्यंत तापवावी लागते. तोच रॅप ४ टक्के ओला असेल तर २१५ अंश. म्हणजे चार टक्के पाणी उडवायला जवळजवळ तेवढीच उष्णता लागते जेवढी सगळा रॅप तापवायला लागली. वाटेतली गळती धरून आणखी दहा अंश वर ठेवावे लागतात. रॅप ३० टक्के केला आणि ओलावा तोच राहिला, तर नवी खडी २५० च्या पुढे जाते. तिथे ड्रायरमधून निघणारा वायू इतका तापतो की धूळ गाळणाऱ्या कापडी पिशव्या जळतात. प्लांटवाले ‘रॅप जमत नाही’ म्हणतात, तेव्हा बहुतेक वेळा त्यांना ओला रॅप जमलेला नसतो. रोज सकाळी ढिगाच्या तीन ठिकाणांहून नमुना घेऊन ओलावा काढणं हे रॅप वापरणाऱ्या प्लांटचं पहिलं काम. आकडा ४ च्या वर गेला तर त्या दिवशी रॅपचं प्रमाण कमी करायचं, बर्नर वाढवायचा नाही.

चाळणी आणि तपासणी

६९६ टन माल तसाच वापरत नाहीत. आधी जाळीने लाद्या आणि गोळे वेगळे काढून इम्पॅक्ट क्रशरमधून फोडायचे. मग ८ मिमी चाळणीवर दोन भाग करायचे: ८ च्या खालचा बारीक आणि ८ ते २० चा जाड. हे दोन ढीग वेगळे का, तर बिटुमेन पृष्ठभागावर बसतं आणि बारीक कणांना पृष्ठभाग जास्त. बारीक भागात बिटुमेन ६ टक्क्यांच्या आसपास किंवा वर सापडतं, जाड भागात ४ च्या आसपास. एकच ढीग ठेवला तर लोडरच्या प्रत्येक बकेटमध्ये प्रमाण बदलतं आणि बीसीमध्ये बिटुमेनच्या प्रमाणात फक्त ±०.३ टक्का फरक चालतो.

प्रत्येक ढिगाचे निदान दहा नमुने घ्यावेत. सेंट्रिफ्यूजमध्ये द्रावकाने बिटुमेन धुऊन काढायचं, उरलेल्या खडीची चाळणी करायची आणि ७५ मायक्रॉनखालची भुकटी मोजायची. ट्रायक्लोरोएथिलिन वापरत असाल तर हातमोजे आणि हवा ओढणारं फ्यूमहूड हवंच, छोट्या साइट-लॅबमध्ये हे हमखास राहून जातं. दहा नमुन्यांतल्या बिटुमेनचं प्रमाण विचलन (स्टँडर्ड डेव्हिएशन) ०.५ टक्क्याच्या आत असेल तर ढीग एकसारखा समजावा. नसेल तर लोडरने उलटापालट करून पुन्हा नमुने.

शेवटी जुनं बिटुमेन परत मिळवून त्याची व्हिस्कॉसिटी, म्हणजे घट्टपणा, बघायची; ती पॉइजमध्ये मोजतात. उन्हापावसात वर्षानुवर्षं राहिलेलं बिटुमेन खूप कडक झालेलं असतं. इथे ६० अंशांना ४०,००० पॉइज धरू. तुलनेसाठी, आयएस ७३ : २०१३ या भारतीय मानकात बिटुमेनचे व्हीजी (व्हिस्कॉसिटी ग्रेड) दर्जे आहेत, आकडा मोठा तितकं कडक; त्यात व्हीजी-३० ला २४०० ते ३६०० आणि व्हीजी-४० ला ३२०० ते ४८०० पॉइज अशी मर्यादा आहे.

मिश्रणाचं गणित

बीसी ग्रेड १ ला किमान ५.२ टक्के बिटुमेन लागतं. इथे आराखडा ५.४ टक्क्यांवर आला असं धरू. २० टक्के रॅप, त्यात ४.८ टक्के बिटुमेन, म्हणजे मिश्रणात ०.९६ टक्का जुनं बिटुमेन. एकूण बिटुमेनमध्ये जुन्याचा वाटा १७.८ टक्के. व्हिस्कॉसिटी साध्या सरासरीने नाही, लॉगरिदममध्ये मिसळते. ३००० पॉइजचं व्हीजी-३० घेतलं तर मिश्र बिटुमेन सुमारे ४७५० पॉइजवर येतं, म्हणजे व्हीजी-४० च्या वरच्या काठावर. १००० पॉइजचं व्हीजी-१० घेतलं तर सुमारे १९३० पॉइज, म्हणजे व्हीजी-२० सारखं. रस्त्यावर बस आणि ट्रकची वर्दळ असेल आणि आराखड्यात व्हीजी-४० मागितलं असेल, तर व्हीजी-३० घालून काम होतं. रॅप ३० टक्क्यांवर नेला तर जुन्याचा वाटा २६.७ टक्के होतो, व्हीजी-३० बरोबर मिश्रण ६००० पॉइजपर्यंत जातं आणि मग व्हीजी-१० कडे वळावंच लागतं, तेव्हा ते २७०० च्या आसपास बसतं.

परदेशी पद्धतीत रॅप १५ टक्क्यांपर्यंत तोच दर्जा, १५ ते २५ पर्यंत एक दर्जा मऊ आणि त्यापुढे मिश्रणाचा तक्ता असा ढोबळ नियम आहे. तो मुख्यतः थंडीत रस्ता तडकू नये म्हणून आला. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात आपली मोठी भीती चाकोऱ्या पडण्याची असते, आणि तिथे थोडं कडक बिटुमेन मदतच करतं. म्हणून तो नियम डोळे मिटून उचलू नये. पण खालचा पाया कमजोर असेल आणि थर लवचिकपणाने वाकावा लागत असेल, तर कडक मिश्रण लवकर मगरीच्या पाठीसारखं तडकतं. काळ्या मातीवरच्या रस्त्यांत हा धोका खरा आहे. पायाची वाकणूक बघितल्याशिवाय रॅप २० च्या वर नेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

एक फसवी जागा इथेच आहे. वरच्या गणितात जुनं ०.९६ टक्का बिटुमेन पूर्ण कामाला येतं असं धरलं. खरं तर थंड रॅप कमी वेळ घुसळला तर त्यातलं काही बिटुमेन खडीला तसंच चिकटून राहतं. ८० टक्केच मोकळं झालं तर मिश्रणात जवळजवळ ०.२ टक्का बिटुमेन कमी पडतं, म्हणजे परवानगीच्या फरकातला मोठा हिस्सा सुरुवातीलाच संपतो. प्रयोगशाळेत बिटुमेन बरोबर येतं, कारण द्रावक सगळंच धुऊन काढतो. रस्त्यावर मात्र मिश्रण कोरडं दिसतं, रंग काळा असूनही चमक नसते. असा रस्ता पहिल्या पावसाळ्यातच खडी सोडतो. उपाय साधा आहे: रॅप आणि गरम खडी बिटुमेनविना दहा-पंधरा सेकंद जास्त घुसळायची, आणि मार्शल नमुने, म्हणजे ताकद तपासायला ठोकून केलेले नमुने, प्लांटच्याच मिश्रणाचे करायचे.

उलट बाजूची चूक भुकटीची. बारीक रॅप स्वस्तात बिटुमेन देतो म्हणून तोच जास्त ओढला जातो. ७५ मायक्रॉनखालचा भाग वाढतो, खडीमधली जागा भरते, पोकळी ३ टक्क्यांच्या खाली जाते आणि एप्रिल-मेमध्ये चाकांच्या पट्ट्यात डांबर वर येऊन रस्ता आरशासारखा होतो. पोकळी ३ ते ५ टक्के, मार्शल स्थिरता किमान ९ किलोन्यूटन, फ्लो (तुटेपर्यंतचं दबणं) २ ते ४ मिमी, आणि पाण्यात ठेवलेल्या नमुन्याची ताकद कोरड्याच्या किमान ८० टक्के. यातली शेवटची चाचणी रॅपच्या कामात कधीही गाळू नये. काळी माती लपून आली असेल तर ती इथे पकडली जाते.

ड्रम प्लांट, म्हणजे फिरत्या पिंपात सतत मिश्रण करणारा प्लांट, असेल तर रॅप ज्योतीच्या समोरून टाकू नये. ड्रमच्या मधल्या कॉलरमधूनच टाकावा. धुराड्यातून निळसर धूर दिसला म्हणजे जुनं बिटुमेन जळतं आहे. रस्त्यावर मिश्रण किमान १४० अंशांना पसरायचं आणि रोलिंग ९० च्या वर संपवायचं, हे व्हीजी-३० चे आकडे. रॅपमुळे मिश्रण कडक असतं, म्हणून हातात वेळ कमी. पीटीआर (रबरी चाकांचा रोलर) पेव्हरच्या, म्हणजे मिश्रण पसरणाऱ्या यंत्राच्या, जवळ ठेवावा. सांध्यावर ९२ टक्के घनता आली नाही, तर तिथेच पाणी शिरतं.

शंभरातले वीसच परत जातात

आता या कामातलं खरं दुखणं. नवा बीसी ३५० घनमीटर × २.३५, म्हणजे ८२२ टन. त्यात २० टक्क्यांनी रॅप बसला १६४ टन. त्याने सुमारे ८ टन नवं बिटुमेन आणि १५६ टन नवी खडी वाचली, हे चांगलंच. पण स्वच्छ ६९६ टनांतले ५३२ अजून ढिगातच आहेत. ‘आम्ही रॅप वापरतो’ असं सांगणारी बहुतेक कामं इथे थांबतात, आणि उरलेला माल हळूहळू भरावात नाहीसा होतो. रस्त्यातून निघतं ते पूर्ण जाडीचं, परत जातं पाचवा हिस्सा. म्हणून रॅपचा आराखडा एका रस्त्यापुरता करताच येत नाही, वर्षभराच्या कामांचा करावा लागतो. काँक्रीटीकरणात तर हे आणखी टोकाला जातं. मुंबईत २०२३ पासून सुमारे ७०० किलोमीटर रस्ते टप्प्याटप्प्याने काँक्रीटचे होत आहेत. जुना डांबरी रस्ता उखडून वर काँक्रीट आलं की त्या रॅपला परत जायला तोच रस्ता उरत नाही. जपानमध्ये उखडलेल्या डांबराचा पुनर्वापर ९९ टक्क्यांवर आहे. तिथे २००० साली बांधकाम-साहित्याच्या पुनर्वापराचा कायदा झाला आणि उखडलेलं डांबर पुन्हा मालातच जाणं ही नेहमीची रीत बनली.

आपल्या ५३२ टनांना वाट अशी मिळते. त्याच हंगामात दुसऱ्या तेवढ्याच रस्त्यावर ५० मिमी डीबीएम आहे. डीबीएम, म्हणजे डेन्स बिटुमिनस मॅकॅडम, हा खालचा थर; पायाची वाकणूक ठीक असेल तर त्यात २५ टक्के रॅप चालतो. तिथे २०५ टन गेले. उरले ३२७. त्यासाठी ५०० मीटर लांब, ३.५ मीटर रुंद सर्व्हिस लेन, १०० मिमी जाडीचा थंड पाया. हे मिश्रण ३६७ टन: रॅप ३१२ टन, क्रश सँड ३८, सिमेंट ३.७ आणि एसएस-२ इमल्शन (पाण्यात मिसळलेलं बिटुमेन) १३ टन. फोम बिटुमेननेही हेच होतं, पण त्याचं यंत्र एवढ्या छोट्या कामाला परवडत नाही. इथे गरम प्लांट लागत नाही, पगमिल (थंड मिश्रण घुसळणारं यंत्र) पुरते. १०० मिमी व्यासाच्या नमुन्यांची अप्रत्यक्ष ताणशक्ती कोरडी २२५ किलोपास्कल आणि भिजलेली १०० किलोपास्कल भरली पाहिजे. सिमेंट १ टक्क्याच्या वर नेऊ नये, नाहीतर थर सिमेंटसारखा आकसून तडकतो. इमल्शन घालण्याआधी माल ओला करायचा, कोरड्या रॅपवर इमल्शन लगेच फुटतं आणि गोळे होतात. रोलिंगनंतर थरातला ओलावा इष्टतम पाण्याच्या निम्म्याखाली येईपर्यंत वरचा थर टाकायचा नाही. कोरड्या हवेत आठवडाभर, दमट हवेत दोन. घाई केली तर पाणी वरच्या थराखाली अडकतं आणि उन्हाळ्यात फुगे येतात.

मिसळ ८५ टन चर बुजवायला किंवा जीएसबीमध्ये (सगळ्यात खालच्या खडी-मुरमाच्या थरात) मुरमाबरोबर, तिसऱ्या हिश्शापर्यंत. नुसता रॅप पाया म्हणून दाबला तर जड चाकाखाली हळूहळू सरकतो, म्हणून तो मोडलेल्या खडीत मिसळूनच. काँक्रीटचे मोठे तुकडे आधी वेचून घ्यावेत. ते वेगळ्या क्रशरला गेले तर आयएस ३८३ : २०१६ प्रमाणे एम-१५ पेक्षा खालच्या लीन (कमी सिमेंटच्या) काँक्रीटमध्ये त्यांची खडी पूर्ण चालते. मॅस्टिकचे २४ टन नव्या मॅस्टिकच्या कुकरमध्ये थोडेथोडे विरघळवता येतात. गटारातून निघालेला गाळ मात्र यातल्या कशातही घालू नये. त्यात प्लास्टिक, तेल, कुजका कचरा असतो. १५ टन रॅप उरतो, तो पुढच्या हंगामाच्या ढिगात.

निविदेत काय लिहायचं

जुन्या अंदाजपत्रकांत मिलिंगच्या बाबीत ‘निघालेला माल १००० मीटर लीडपर्यंत विल्हेवाट लावणे’ एवढंच असतं (लीड म्हणजे वाहून नेण्याचं अंतर). ते वाक्य तिथेच बदलावं लागतं. इंडियन रोड्स काँग्रेसचं आयआरसी १२० : २०१५ हे डांबरी रस्त्यांच्या पुनर्वापराचं मार्गदर्शन आहे आणि आयआरसी १२१ : २०१७ राडारोड्याच्या वापराचं. त्यांचा हवाला देऊन चार बाबी वेगळ्या करायच्या: मिलिंग तीन प्रकारांत, प्लांटपर्यंतची वाहतूक प्रत्यक्ष अंतराने, रॅप प्रक्रिया, आणि रॅपसह बीसीचा वेगळा दर. वाचलेल्या बिटुमेनची वजावट ठेकेदाराच्या दरातून एकतर्फी केली तर तो रॅप लपवून टाकेल. प्रक्रियेचे पैसे आधी द्यायचे, मग वजावट.

२०१६ च्या केंद्रीय राडारोडा नियमांत दिवसाला २० टन किंवा महिन्यात प्रकल्पामागे ३०० टन माल काढणाऱ्याला वर्गवारी आणि आराखडा बंधनकारक होता. आपला रस्ता पहिल्याच रात्री त्यात बसला असता. त्या नियमांची जागा १ एप्रिल २०२६ पासून २०२५ च्या नव्या नियमांनी घेतली आहे. मोजमाप पुस्तिकेत मात्र घनमीटर पुरेसे नाहीत. प्रत्येक टिपरची वजनकाट्याची पावती, गाडीचा नंबर, वेळ आणि कोणत्या ढिगात टाकली ते लिहायचं. पन्नास पावत्या आणि ८०५ टन जुळले नाहीत, तर कमी पडलेले टन कोणत्या रात्री गेले हे पावत्यांच्या वेळेवरून लगेच दिसतं: ज्या रात्री एकाच गाडीच्या दोन खेपांमधलं अंतर दोन तासांऐवजी चाळीस मिनिटांचं आहे, ती रात्र.

रस्ता खुला झाल्यावर पहिल्या पावसाळ्याआधी आणि नंतर त्याच जागांचे कोअर काढायचे: पट्ट्यांच्या सांध्यावर तीन, चाकांच्या पट्ट्यात तीन, आणि बिनरॅपच्या जवळच्या थरातले तीन. घनता, पोकळी आणि परत मिळवलेल्या बिटुमेनची व्हिस्कॉसिटी. सांध्यांवर खडी सुटू लागली असेल तर दोष बहुधा रोलिंगचा, सगळीकडे सुटली असेल तर बिटुमेन मोकळं झालं नाही, आणि फक्त एका टिपरच्या मालात झालेल्या, सुमारे वीस मीटरच्या तुकड्यात सुटली असेल तर त्या गाडीच्या पावतीवरून ढिगापर्यंत मागे जायचं.